झोपवून घेतलेलं माप

बॉबिनच्या चित्रातले कपडे बघून लोक तोंडात बोटं घालायचे आणि कपड्यांच्या आतला माणूस बघून हसायचे.

शिंप्याची पोर ती. कोपर वाकवल्यावर बाहीला चुण्या कुठून कुठे पडतात, बटण ओढलं गेलं की कापड कसं चिडल्यासारखं ताणतं, हे ती डोळे मिटून काढायची. पण त्या बाहीत हात म्हणून काही नसायचंच. कापूस कोंबल्यासारखं नुसतं फुगलेलं. शरीररचना शिकवणारे सर सहा फूट उंच, सरळसोट, आणि चूक दाखवायची तर हातातल्या लाकडी पट्टीने दाखवायचे, म्हणून मुलं त्यांना फूटपट्टी म्हणायची. तर हे फूटपट्टी सर एकदा तिच्या कागदावर टकटक करून म्हणाले होते, "उशी छान काढलीयेस गं. आता तिच्यावर झोपणारा माणूस काढ."

वर्ग हसला. बॉबिनही हसली, पण ते हसणं तोंडापुरतंच. त्या विषयात ती दोनदा नापास झाली होती, आणि तिसऱ्यांदा नापास झालं की पटावरून नाव कमी, असा चित्रशाळेचा नियम होता. त्यात रडगाण्याला जागा नव्हती. नाव कमी झालं की दुकानात परत, आईशेजारच्या स्टुलावर काज-बटण करत बसायचं. काज-बटणाची तिला लाज नव्हती. लहानपणी शिलाई मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी दुकानभर गरगर फिरायची म्हणून तर तिला बॉबिन म्हणायचे, आणि तेच नाव चित्रशाळेपर्यंत चिकटत आलं. पण तिला चित्रकार व्हायचं होतं. दुसरं काहीही व्हायचं नव्हतं, आणि हे ती कुणाजवळ बोलतही नव्हती, कारण बोलून पुन्हा नापास झाले तर तोंड कुठे दाखवायचं?

तिसऱ्या वर्षी दर बुधवारी आणि शनिवारी सकाळी सर अकरा जणांना घेऊन वैद्यकीय कॉलेजच्या मागच्या इमारतीत जायचे. लांबलचक हॉल, उंच खिडक्या, पाणी वाहून जावं म्हणून मधोमध उतरती केलेली फरशी. फॉर्मॅलिनचा वास नाकात असा शिरायचा की डोळ्यांना धारा लागायच्या. शोक करतोय असं वाटायचं बघणाऱ्याला. चित्रकारांसाठी कोपऱ्यातलं एक टेबल राखून ठेवलेलं होतं. त्यावर एक म्हातारा माणूस उताणा झोपवलेला, चेहऱ्यावर ओलं फडकं. स्वतः सही करून त्याने आपला देह कॉलेजला दिला होता. त्याहून जास्त कुणाला काही सांगितलं जात नसे. हॉल सांभाळणारे मामा सगळ्याच मृतांना पाहुणे म्हणायचे, म्हणून मुलंही पाहुणे म्हणायला लागली.

पहिल्या दिवशी दोघांनी भोवळ येऊन जमीन गाठली. एकाला तर नंतर चार दिवस जेवण गेलं नाही. बॉबिनला तसलं काही झालं नाही. तिने मामांना विचारलं, "पेन्सिलीचा भुसा कुठे टाकायचा?" मामांनी तिच्याकडे नीट बघितलं आणि एक डबा आणून दिला.

कापायचं काम डॉक्टरीणबाईंचं. बुटक्या, चपळ, बोलायला फटकळ. पाहुण्यांची डावी बाजू त्यांनी तशीच ठेवली होती, कातडीसकट, आणि उजवी बाजू थराथराने उघडत न्यायच्या. म्हणजे एकाच माणसात आत काय आणि बाहेर काय, दोन्ही शेजारी शेजारी. एका बुधवारी त्यांनी मनगटाच्या वरची एक पांढरी दोरी चिमट्यात धरून हलकेच ओढली आणि पाहुण्यांची तर्जनी वाकली. अकराच्या अकरा जण एक पाऊल मागे गेले. "घाबरता काय?" बाई म्हणाल्या. "तुमचंही बोट असंच वाकतं. फक्त ओढणारा आत बसलाय."

त्या दिवसापासून बॉबिनची गाडी रुळावर आली. पुढच्या शनिवारी ती दुकानातली मापाची टेप गळ्यात अडकवून आली. खांदा ते कोपर, कोपर ते मनगट, छातीचा घेर, दंडाचा घेर, पोटरीचा घेर. सगळं मोजायचं, वहीत लिहायचं, मग काढायचं. बाकीचे तिची टिंगल करायचे, "अगं, पाहुण्यांना सूट शिवतेयस का?" ती म्हणायची, "तुमच्या अंदाजपंचे पायांपेक्षा माझं माप बरं." डॉक्टरीणबाईंना मात्र ती टेप फार आवडली. बॉबिन स्टुलावर उभी राहून वरून बघायची, खाली बसून बाजूने बघायची. सहा महिन्यांत तिला पाहुणे इतके पाठ झाले की डोळे मिटले तरी कुठला स्नायू कुठून निघतो आणि कुठे रुततो ते बोटाने हवेत काढून दाखवायची. बाहीत आता हात होता. उशीबिशी कुणी म्हणेना.

परीक्षेच्या अठरा दिवस आधी सरांनी सराव परीक्षा ठेवली. प्रश्न खऱ्या परीक्षेचाच: उभा पुरुष, खऱ्या माणसाएवढा, कातडीविना, समोरून आणि बाजूने. समोर कुणी नाही, काही नाही, नुसत्या आठवणीतून. बॉबिनने तुकडे जोडून कागद आपल्या डोक्याएवढा उंच केला आणि सहा तासांत पाहुण्यांना त्यावर उभं केलं. एकही स्नायू सुटला नाही. एकाही मापात चूक नाही. हात काळे झाले, मान आखडली, पण मनात तिच्या लाडू फुटत होते. कधी एकदा सर येतात असं झालं होतं तिला.

सर आले. पट्टी वर केली, खांद्यापाशी नेली, खाली घेतली. गुडघ्यापाशी नेली, खाली घेतली.

"सगळं बरोबर आहे," शेवटी म्हणाले, "आणि काहीतरी साफ चुकलंय."

"काय चुकलंय, सर?"

"तेच सापडत नाहीये. तीस वर्षं बघतोय, दरवर्षी एखाद्याचं असं होतं." त्यांनी पट्टी काखेत धरली. ओशाळल्यासारखे झाले होते. "पण बाहेरचा परीक्षक हे पास करणार नाही, एवढं सांगतो. अठरा दिवस आहेत. शोध."

आता याला काय म्हणावं! चूक दाखवली तर माणूस सुधारेल. चूक आहे पण कुठे आहे ते ठाऊक नाही, हे म्हणजे अंगात टोचतंय आणि सुई सापडत नाही, तसलं. बॉबिन कागदाची गुंडाळी करून घरी आली ती तोंडाचा चंबू करूनच. घर म्हणजे दुकानामागच्या दोन खोल्या. तिने गुंडाळी दुकानाच्या भिंतीवर उलगडली, चार टाचण्या ठोकल्या आणि समोर मांडी घालून बसली. आई बटणं लावता लावता एकदा वर बघून म्हणाली, "बाई गं, हा गिऱ्हाईकांना दिसेल असा नको लावूस." आणि पुन्हा खाली बघून कामाला लागली.

बाबा कटिंगच्या टेबलाशी उभे होते. पन्नाशी उलटलेले, बारीक, गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांनी हातातला मुंढा, बाही जोडायचा तो गोल, कापून पूर्ण केला. अर्ध्यात कात्री ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मग चष्मा कपाळावर चढवून चित्राकडे बघितलं.

"याला झोपवलंस का गं?" त्यांनी विचारलं.

"झोपवलं कुठे? उभा आहे तो."

"उभा कागद आहे. माणूस झोपलेलाच आहे." बाबा भिंतीपाशी आले. चित्राला हात न लावता बोट फिरवू लागले. "ही पाठ बघ. सपाट. फळीवर पडून राहिल्यासारखी. खांदे कानाशी गेलेत. पोट दोन्ही बाजूंना पसरलंय, पुढे यायला हवं ते. पोटऱ्या मागून दबल्यात. आणि पाय? बोटं खाली लोंबतायत. या पावलांवर उभा राहील का कुणी? आपटेल की तोंडावर."

बॉबिन उठून उभीच राहिली. एकेक गोष्ट बाबा दाखवत गेले तशी ती तिला दिसत गेली, आणि दिसल्यावर ती आधी दिसली नव्हती यावर तिचाच विश्वास बसेना. सहा महिने तिने पाहुण्यांना बघितलं होतं. पाहुणे सहा महिने उताणेच होते. तिने डोळ्यांत तेल घालून, टेप लावून, जसं होतं तसं मोजलं होतं आणि ते उचलून भिंतीला टेकवलं होतं.

"तुम्हाला कसं कळलं?" तिने विचारलं.

"मी ही चूक करून बसलोय ना!" बाबा म्हणाले. "तुझ्या जन्माआधीची गोष्ट. एक गिऱ्हाईक अंथरुणाला खिळलेलं. मुलीच्या लग्नाला उठून बसेन म्हणाला, कोट हवा. मी त्याच्या घरी गेलो, तो झोपलेला असतानाच मापं घेतली. आता मापं म्हणजे मापं, त्यात काय चुकणार? लग्नाच्या दिवशी गडी खरंच उठला, उभा राहिला. आणि कोटाची कॉलर कानाच्या वर! पाठीला झोळ, पुढून बटण लागेना. लोक नवरीला सोडून त्यालाच बघत होते."

आई खालमानेने हसत होती. ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली असणार.

"उभा माणूस म्हणजे खाली ओढला गेलेला माणूस," बाबा म्हणाले. "सगळं खाली लोंबतं आणि तो तरी वर उभा राहतो. ते ओढणं धरायचं मापात. तेवढंच तर आमचं काम. बाकी कात्री कुणीही चालवतं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान दोन तास बंद असायचं तेव्हा बाबा सदरा काढून कटिंगच्या टेबलाशी उभे राहायचे आणि बॉबिन त्यांना काढायची. पहिल्या दिवशी दोघांचीही पंचाईत झाली. बाबा छाती पुढे काढून पोट आत ओढून उभे राहिले, फोटो काढायला आल्यासारखे. "बाबा, श्वास सोडा." "सोडलाय." "नाही सोडलेला, बरगड्या दिसतायत मला." मग ती म्हणाली, "काहीतरी कापा बरं," आणि त्यांनी कात्री हातात घेतली तसं सगळं अंग आपोआप जागेवर आलं. चाळीस वर्षं त्या टेबलाशी एकाच पायावर भार देऊन उभं राहून त्यांचा उजवा कमरेचा खुबा खाली आला होता, डावा खांदा वर गेला होता. डाव्या पोटरीत सगळं वजन. पाऊल फरशीला असं चिकटलेलं की बोटांची टोकं पांढरी पडलेली. बॉबिनने हे लहानपणापासून रोज बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी ती त्यांच्या पाठीमागे उभी होती. कात्री चालत होती तसं खांद्याचं त्रिकोणी हाड कातडीखाली सरकत होतं. तिने तिथे बोट ठेवलं. आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई कुठून सुरी घालतात, पहिला थर कसा उलटतो, त्याखाली कुठला रंग दिसतो, सगळं ठाऊक होतं. आणि ते सगळं तिला बाबांच्या पाठीवर दिसायला लागलं. तिला भीती वाटली. हॉलमध्ये सहा महिन्यांत एकदाही वाटली नव्हती ती सगळी एकदम वाटली. तिने हात मागे घेतला.

"काय झालं गं?" बाबांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. हलू नका."

"मी कुठे हलतोय? तूच हललीस."

ती परत स्टुलावर जाऊन बसली आणि पेन्सिलीला टोक करत राहिली. टोक आधीच होतं. मग तिने काढायला घेतलं, आणि त्या दुपारी जी पाठ निघाली ती उभ्या माणसाची निघाली.

परीक्षेत तिने बाबांनाच काढलं, कातडीविना. खुबा खाली, खांदा वर, पाऊल फरशीला चिकटलेलं. बाहेरचे परीक्षक शिल्पकार होते, जाडजूड आणि झोपाळू. तिच्या कागदाशी येऊन त्यांची झोप उडाली. त्यांनी स्वतःचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकून बघितलं, परत चित्र बघितलं.

"हा काय काम करतो?" त्यांनी विचारलं.

"शिंपी आहेत."

"आहेत? जिवंत?" परीक्षक म्हणाले. "बरं, बरं." आणि पुढे सरकले. सरांनी काखेतली पट्टी काढली, बॉबिनच्या डोक्यावर हलकेच टेकवली आणि त्यांच्यामागे गेले. आठ दिवसांनी निकाल लागला. ती पास झाली होती, आणि काठावर नाही, चांगली घसघशीत पास. आईने डोळे पुसले आणि दोरा तोडत असल्याचं सोंग केलं.

वर्ष संपलं की पाहुणे जायचे. मामांनीच तिला सांगितलं: उघडलेली बाजू डॉक्टरीणबाई शिवून घेतात, पांढऱ्या कापडात गुंडाळतात आणि मंगळवारी स्मशानात न्यायला गाडी येते. बॉबिनने जेवताना ते सहज सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"नुसतं कापडात?" ते म्हणाले. "वर्षभर उघडा पडला बिचारा तुमच्यासाठी. तू पास झालीस ती कोणाच्या जिवावर?"

"तुमच्या," बॉबिन म्हणाली.

"माझ्या कसल्या! मी फक्त उभा राहिलो. स्नायूंची नावं कोणी शिकवली तुला?" त्यांनी घास परत ताटात ठेवला. "हात वाकतात का त्याचे?"

"नाही."

"मग शर्ट मागून उघडा ठेवतो. पाठीला नाड्या."

डॉक्टरीणबाईंना विचारायला बॉबिन भीतभीतच गेली. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "नियमात पांढरं कापड आहे," त्या म्हणाल्या. "शर्ट पांढरा असेल तर तेही कापडच."

रविवारी बाबांनी सराव परीक्षेचा तो जुना कागद मागितला. मापं वहीत होती, पण त्यांना आकार हवा होता. बॉबिनने माळ्यावरून गुंडाळी काढली, झटकली आणि कटिंगच्या टेबलावर लांब आडवी पसरली. आणि दोघंही थांबले. आडवं टाकल्याबरोबर ते चित्र बरोबर दिसत होतं. पाठ फळीला टेकलेली, खांदे वर, पोट निवांत पसरलेलं, पावलं सैल सोडलेली. एक म्हातारा माणूस झोपला होता, बस्स.

"बघ," बाबा म्हणाले. "माप कुठे चुकलं होतं तुझं?"

त्यांनी वर पांढरं सुती कापड अंथरलं, खडू कानावरून काढला आणि आखायला घेतलं. खांदा चढा धरला. पाठ सपाट, झोळाला एक सूतही जागा ठेवली नाही. घेर बाजूला वाढवला. काजं आईने केली. पुढची बटणं उघडायची नव्हतीच कधी, तरी तिने प्रत्येक काज नीट केलं. बॉबिन म्हणाली, "आई, नुसती बटणं टाकली तरी चालतील." आई म्हणाली, "तुला चालतील."

मंगळवारी सकाळी मामा आणि बॉबिन दोघांनी मिळून पाहुण्यांना शर्ट घातला. हात आधी, मग छाती, मग एका कुशीवर घेऊन मागच्या नाड्या. मामांनी हॉलमध्ये एवढी वर्षं घालवली, पण कुणाला बाही घालायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. शर्ट कुठे ताणला नाही, कुठे गोळा झाला नाही. बॉबिनने कॉलर सारखी केली. आत तिचं बोट सहज गेलं. तिने पुन्हा घालून बघितलं. मग गाडी आली.

घरी आली तेव्हा बाबा टेबलाशी उभे होते. कात्री चालूच.

"कसा बसला?"

"अंगासरशी," बॉबिन म्हणाली. "मामा म्हणाले, आयुष्यात असा मापाचा शर्ट नाही बघितला."

"खांद्याला?"

"बरोब्बर."

"पाठीला?"

"चुणीसुद्धा नाही. गळा तेवढा बोटभर सैल झाला. माझ्या कागदावर तर माप नेमकं होतं."

"तो मीच सैल ठेवला," बाबा म्हणाले. "श्वासाला जागा नको का सोडायला?"

कात्री अर्ध्या मुंढ्यात थांबली. आईने सुई खाली ठेवली. बाबांनी वजन परत डाव्या पायावर घेतलं, मग मान खाली घालून राहिलेला मुंढा कापून पूर्ण केला.